नोंदणीकृत पत्ता

औषधांच्या दुकानातल्या मुलीने "मर्ल ट्रेगेंझा" अशी हाक मारली तेव्हा मर्ल उठली, आणि तिच्याबरोबर पलीकडच्या खुर्चीवरचा एक माणूसही उठला. त्याला नाव नीट ऐकू आलं नसेल असं तिला वाटलं. पण तो काउंटरकडे गेला नाही. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या पिशवीत पडेपर्यंत तो तसाच उभा राहिला, आणि ती वळल्यावर म्हणाला, "मर्ल लव्हडे ट्रेगेंझा?"

लव्हडे हे तिच्या आजीचं नाव. ते तिच्या नावाच्या मधोमध बसवलं होतं आणि तिथेच पडून राहिलं होतं; शाळा सुटल्यापासून ते कोणी मोठ्याने उच्चारल्याचं तिला आठवत नव्हतं. केनला, तिच्या नवऱ्याला, ते थेट लग्नाच्या दिवशी कळलं होतं आणि पाद्र्यासमोर त्याला हसू आवरलं नव्हतं. केन जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आणि आज, शाम्पूच्या बाटल्या आणि उन्हाच्या मलमांच्या मधल्या अरुंद वाटेत, एका परक्या माणसाच्या तोंडात ते नाव होतं. न्हाणीघराचं दार कोणी न विचारता उघडावं तसं तिला झालं.

"आपली ओळख आहे का?" तिने विचारलं.

"तशी नाही. मी तुमच्याकडे कामाला होतो."

"माझ्याकडे? मी पोरांना पोहायला शिकवायचे. माझ्याकडे कोण कामाला असणार?"

"टॅमहीथ बेंचटॉप्स. लॉन्सडेलच्या कारखान्यांत. स्वयंपाकघरातल्या ओट्यांचे दगड कापायचो मी."

"ती माझ्या जावयाची कंपनी आहे."

"सरकारी नोंदणीत तर तुमचं नाव आहे. डायरेक्टर म्हणून, एकटीचंच. थोडे पैसे भरले की कोणालाही बघता येतं." त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, उद्धटपणे नव्हे, ताळा जुळवावा तसं. "मला वाटलं होतं, मोत्यांची माळबीळ घालणारी, घोडे पाळणारी कोणी बाई असेल. तुम्ही तर माझ्या मावशीसारख्या दिसता. ती बिंगो खेळते."

"मी बिंगो खेळत नाही."

"तेवढंच बरं म्हणायचं." तो हसला, पण हसू अर्ध्यावर सोडून त्याला खोकावं लागलं. खोकून झाल्यावर त्याने आवाज खाली आणला. "एकच सांगायचं होतं. तिला मरू देऊ नका."

"कोणाला?"

"कंपनीला."

तेवढ्यात काउंटरवरून "डेन हॅस्लम" अशी हाक आली आणि तो गेला. मर्ल बाहेर पडली. उत्तरेकडचा कोरडा वारा सुटला होता, रस्त्याच्या कडेला जॅकरांडाची फुलं वाळून चिकटली होती. ती नेहमीच्या वाटेने न जाता शाळेवरून वळसा घालून निघाली, म्हणजे त्याला घर कळू नये. अर्धी वाट चालून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की ज्याला आपलं मधलं नाव माहीत आहे त्याला पत्ताही माहीत असणारच. तरी ती वळसा घालूनच घरी गेली. दार लावलं, साखळी घातली, आणि मग स्वतःचीच लाज वाटून साखळी काढली. फोनवरून म्हाताऱ्या बायकांना फसवणारे लोक असतात. गेल्या हिवाळ्यात तिची शेजारीण आयव्ही बँकेतला माणूस समजून कोणाशी तरी तासभर बोलत बसली होती. हा त्यातलाच असेल. पण फसवणारा माणूस काहीतरी मागतो. याने काही मागितलं नव्हतं. आणि तो श्वास. आयुष्यभर तिने पोर्ट नोआर्लुंगाच्या पाण्यात पोरांना श्वास घ्यायला शिकवलं होतं. पोहायचं नाही म्हणून धाप लागल्याचं सोंग करणारी पोरं तिला काठावरूनच ओळखू यायची: ती तोंडाने मोठा आवाज करत, पण त्यांचे खांदे हलत नसत. याचे खांदे हलत होते. शब्दाच्या मधेच हलत होते. हे आपण पाहिलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. मूंटा या खाणीच्या गावी तिचे आजोबा होते तसे. मागच्या पडवीत बसलेले, तांब्याच्या खाणीतून केव्हाच परत आलेले आणि तरी न आलेले. बोलताना त्यांच्या थांबण्याच्या जागा ठरलेल्या असत आणि लहानपणी तिला वाटे की म्हातारी माणसं अशीच बोलतात, त्यात काही दुखत नाही.

तिने मुलीला फोन लावला. "टॅम्सिन, माझं मधलं नाव तू कोणाला सांगितलंस का गं?"

पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला. "असं का विचारतेस?"

"औषधांच्या दुकानात एक जण भेटला. तुमच्याकडे कामाला होता म्हणे. डेन हॅस्लम."

टॅम्सिनने नळ पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला. मग ती म्हणाली, "आई, त्याच्याशी बोलू नकोस. त्याला कामावरून काढलंय, डोकं फिरलंय त्याचं. पुन्हा भेटला तर सरळ पोलिसांना फोन कर."

"तो आजारी आहे का?"

"मला काय माहीत? मी काय डॉक्टर आहे?" आणि लगेच मऊ आवाजात, "तू जेवलीस का?"

टॅम्सिन तिला जेवलीस का असं कधी विचारत नसे. मर्ल फोन ठेवून बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिली. एवढ्या साध्या प्रश्नात खोट काढतोय आपण, म्हातारपणी माणसं अशीच होतात, असं तिने मनाला समजावलं. पण संध्याकाळी हीथ आला. जावई मंगळवारी कधी येत नसे. त्याने बेकरीतल्या मटण-बटाटा भरलेल्या गरम पेस्ट्या आणल्या होत्या, आणि पन्हाळीत पानं साठली असतील, शिडी आहे का, असं विचारत तो घरभर हिंडला. उंच, देखणा, सदा उन्हात रापलेला हीथ. त्याच्या शर्टाला कधी डाग नसे. तो गिऱ्हाइकं आणायचा, मापं घ्यायचा, कापण्याचं काम दुसऱ्यांचं. मर्लने त्याच्यासमोर पेस्टीवर सॉस ओतला आणि त्याची नजर कुठे जाते ते पाहत राहिली. ती फ्रीजवर गेली, टोपलीतल्या टपालावर गेली, तिथे जरा थांबली.

"काही कागदबिगद येतात का गं इकडे, मर्ल? सरकारी?"

"वीजबिल येतं. ते सरकारी असतं का?"

तो हसला. "कंपनीचं काही आलं तर उघडत बसू नकोस. मला दे. तुला कशाला डोक्याला ताप."

"यंदा तू सही घ्यायला आला नाहीस," ती म्हणाली. हे बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. "आणि गेल्या वर्षीही नाही."

हीथने पेस्टीचा तुकडा नीट चावून खाल्ला. "आता सगळं कॉम्प्युटरवर होतं," तो म्हणाला. पन्हाळीतली पानं न काढताच तो गेला.

सही. तिने ती आठवून पाहिली आणि तिला आधी आठवला तो गारवा. चार-पाच वर्षांपूर्वीचा रविवार, टॅम्सिनच्या नव्या घरात भाजलेल्या कोकराचा वास, आणि पांढऱ्या ओट्यावर, त्यात करड्या शिरा काढलेल्या, हाताने नव्हे तर कारखान्यात काढलेल्या, तिने मनगट टेकलं होतं. हीथची पहिली कंपनी बुडाली होती, तो दिवाळखोर ठरला होता आणि त्यामुळे काही वर्षं त्याला डायरेक्टर होता येणार नव्हतं. "नुसतं नावापुरतं, मर्ल. कागदावर कोणीतरी इथं राहणारं माणूस लागतं." मग प्रत्येक वसंतात एक कागद यायचा: कंपनी आपली देणी वेळच्या वेळी चुकती करू शकते, असं संचालकाचं मत आहे. ते मत तिचं होतं. तिला कंपनीची देणी कोणती हेसुद्धा माहीत नव्हतं. पण हीथ बोट ठेवायचा तिथे ती सही करायची आणि मग टॅम्सिन गोड काहीतरी पुढ्यात ठेवायची. प्रत्येक डायरेक्टरने सरकारी ओळख क्रमांक काढायची सक्ती आली तेव्हा तो ज्याचा त्यानेच काढायचा असतो म्हणून टॅम्सिन तिचा फोन धरून तिच्याशेजारी बसली होती. "इथे बघ आई. हस नको, तोंड सरळ ठेव." मुलीचा दंड तिच्या दंडाला लागला होता. त्या दुपारी तिला बरं वाटलं होतं, हे आता मर्लला आठवलं आणि त्या बरं वाटण्यावरही तिची नजर संशयाने जाऊ लागली. तेव्हा टॅम्सिनने साबण बदलला होता का? तिला लिंबाचा वास आला होता. त्या वासात काय होतं? नावापुरतं कोणीतरी हवं होतं, तर बायको का नाही? हा प्रश्न इतका सोपा होता की तो आपण तेव्हा विचारला नाही याचंच तिला नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती गाडी काढून लॉन्सडेलला गेली. एवढ्या वर्षांत ती तिथे कधी गेली नव्हती. पत्र्याच्या शेडची रांग, कुंपणाला अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, आणि शेवटच्या शेडवर निळ्या रंगातली नवीकोरी पाटी: फ्ल्युरियू सर्फेसेस. तिला वाटलं आपण चुकलो. पण फाटकात हीथची गाडी उभी होती आणि आतून करवतीचा आवाज येत होता, दाताच्या डॉक्टरकडे येतो तसा, फक्त हत्तीच्या दाताचा. गटाराच्या जाळीवर पिठासारखा पांढरा थर वाळला होता. एक पोरगेला कामगार तोंडावरची पट्टी गळ्यात ओढून दारात सिगरेट ओढत होता.

"टॅमहीथ इथेच ना?"

"होती. आता ही. माणसं तीच, पाटी वेगळी." त्याने खांदे उडवले. "तुम्हाला ओटा बसवायचाय? टॅमशी बोला. बॉस तीच आहे, कागदोपत्री. हीथ आपला मुकादम."

"टॅमशी," मर्ल म्हणाली.

"हो. बोलवू का?"

"नको." ती गाडीत येऊन बसली. म्हणजे टॅम्सिनचंही नाव होतं. नावं दोन होती, आणि कोणतं आधी वापरायचं हे कोणीतरी बसून ठरवलं होतं. एक जपून ठेवायचं, दुसरं खर्ची घालायचं. स्वयंपाकघरात जुनं फडकं आधी घेतात, तेल सांडलं की. तिला हीथचा राग आला नाही. हीथकडून तिची काही अपेक्षाच नव्हती. तिला तो लिंबाचा वास येत राहिला. आणि गेल्या वर्षीचं एक बोलणं: "आई, घर माझ्या नावावर केलंस तर तुझ्या पेन्शनला बरं पडेल." तिने ते केलं नव्हतं. काही धोरणाने नव्हे. कागद आणायच्या दिवशी तिला गुलाबाची छाटणी करायची होती एवढंच. मुलगी तेव्हा आपल्याला वाचवत होती की स्वतःला? दोन्ही अर्थ त्या वाक्यात अगदी नीट बसत होते.

डेन हॅस्लम तिला पुढच्या सकाळी धक्क्याच्या तोंडाशी सापडला. औषधांच्या दुकानातल्या मुलीने सांगितलं की तो रोज तिथे बसतो. बाकावर तो आणि समोर समुद्रात दूरवर गेलेला लाकडी धक्का. पोरं त्याच्या टोकावरून उड्या मारत होती.

"टोकापर्यंत जात नाहीस का?" तिने विचारलं.

"जातो की. परत यायची पंचाईत." तो सरकून बसला. "पोलीस आणलेत?"

"त्यांना बिंगोला जायचं होतं."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि या वेळी न खोकता हसला. मग त्याने तिला सांगितलं, मधे थांबत, आणि ती त्या थांबण्याकडे लक्ष देत ऐकत राहिली. सरकारने दगड कापणाऱ्यांच्या छातीचे फोटो काढायला लावले तेव्हा त्याच्या फोटोत पांढरे ठिपके आले. सिलिकोसिस, दगडाची धूळ फुप्फुसात बसून होणारा आजार. हीथने त्याची पाठ थोपटली, घरी बस म्हणाला, बघतो काय करायचं ते. पुढच्या आठवड्यात काम नव्हतं. पाण्याशिवाय, कोरडाच दगड कापायला लावत होते, घाईचं काम असलं की. मास्क मागितले तर म्हणायचे, तुझी आई आहे का मी. "आता माझी वकील म्हणते, कंपनीवर दावा लावू. पण कंपनीच नोंदणीतून काढून टाकायला निघालेत. वार्षिक फी भरायची नाही, कागद द्यायचे नाहीत, सरकारच्या पत्रांना उत्तर द्यायचं नाही. आपोआप मरते. मग मेलेल्या कंपनीवर दावा लावायचा तर आधी कोर्टात जाऊन तिला उठवायची."

"उठवता येते ना पण?"

"येते. वेळ लागतो." तो समुद्राकडे पाहत राहिला. "माझ्याकडे बाकी सगळं आहे."

ती त्याची मानेखालची हाडं पाहत होती. हा माणूस खोटं बोलत असावा असं तिला मनापासून वाटत होतं. कापण्याबद्दल, मास्कबद्दल, कशाबद्दल तरी. त्याच्या बोलण्यात एक खोटं वाक्य सापडलं असतं तर ती उठून घरी गेली असती. पण प्रत्येक श्वासाला ती हाडं वर येत होती आणि त्यांच्यामागे खड्डा पडत होता, आणि ते काही सोंगाने करता येत नाही. "सिगरेट ओढायचास?" तिने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला कळलं की हा प्रश्न हीथ विचारील.

"नाही," तो म्हणाला. "तुमचा जावईही हेच विचारतो."

घरी आल्यावर तिने सरकारी कार्यालयाला फोन लावला. बराच वेळ एक यांत्रिक आवाज तिला थांबायला सांगत होता. मग एका बाईने, जी बहुधा नाश्ता करता करता बोलत होती, तिची जन्मतारीख, तिचा क्रमांक विचारून घेतला. टॅमहीथ बेंचटॉप्सची फी थकली आहे, नाव काढून टाकण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध झाला आहे, मुदत संपत आली आहे. तुम्हाला कळवलं होतं.

"कुठे कळवलं होतं?"

"तुमच्या राहत्या पत्त्यावर. सीफर्ड."

"तिथे माझी मुलगी राहते."

"नोंदीत तुम्ही राहता तिथे," ती बाई म्हणाली, तिच्या आवाजात आरोप नव्हता, फक्त क्रम होता. "पत्ता बदलला की ठरल्या मुदतीत कळवायचं असतं."

"आता हे थांबवायचं असेल तर कोणाला थांबवता येईल?"

"तुम्हालाच. दुसरं कोणी नाही त्यात. फी भरा, दंड भरा, पत्ते दुरुस्त करा, देण्यांबद्दलचा ठराव करा. आणि तुमचं नोंदणीकृत कार्यालय ज्या हिशेबनिसाकडे दाखवलंय त्याने संमती मागे घेतली आहे. कागद बजावता येतील असा खरा पत्ता द्यावा लागेल. तिथे जो राहतो त्याची लेखी संमती घ्या."

"तिथे मीच राहते."

पलीकडे टोस्ट मोडल्याचा आवाज आला. "मग स्वतःकडून घ्या," ती बाई म्हणाली.

आणि मर्लने घेतली. खिडकीपाशी बसून तिने लिहून दिलं की ती, या घरात राहणारी, तिला, म्हणजे कंपनीला, हा पत्ता वापरू देत आहे. लिहिताना तिला हसू आलं आणि ते लगेच गेलं. देण्यांच्या ठरावात तिने पहिल्यांदाच मत दिलं, आणि ते नकारार्थी दिलं: कंपनी आपली देणी देऊ शकेल असं मला वाटत नाही. असं लिहिलं तर तेही ठरल्या मुदतीत कळवावं लागतं, ते तिने कळवलं. फी तिने टपाल कार्यालयात जाऊन भरली. तिथल्या माणसाने तिच्या पेन्शनच्या दिवसाबद्दल विनोद केला आणि तिला तो ऐकू आला नाही. डायरेक्टर म्हणून आपलं घर जाईल का, हा प्रश्न तिच्या मनात कुंपणावरच्या मॅगपाय पक्ष्यासारखा बसून होता, हलला नाही की ओरडला नाही. आपण हे त्या माणसासाठी करतोय की मुलीला धडा शिकवायला? तिने स्वतःला हे विचारलं आणि उत्तर येण्याची वाट न पाहता सही केली, कारण या घटकेला तिला स्वतःचीही खात्री वाटत नव्हती.

टॅम्सिन शनिवारी आली. ती दारातूनच म्हणाली, "तू काय केलंयस हे तुला कळतं का?"

"चहा घेणार?"

"आई, मी नोंदणी बघते अधूनमधून. कंपनी पुन्हा जिवंत. आणि पत्ता हा! या घराचा! उद्या त्याचे वकील इथे येतील. ते तुला उघडं करून सोडतील."

"मुदत संपायची वाट बघत होतीस वाटतं, म्हणून बघायचीस?"

टॅम्सिन खुर्चीवर बसली. तिचा चेहरा केनसारखा होता, रागात तर फारच. "त्याला भरपाई सरकारकडून मिळेल, विम्यातून मिळेल. कोणी रस्त्यावर येणार नव्हतं. सगळे असंच करतात. हीथचा चुलतभाऊ, तो फरशीवाला, त्याने दोनदा केलं."

"पहिल्यांदा माझं नाव का घातलंत?"

"कारण तुला काही धोका नव्हता. तुझं वय..."

"माझं वय काय?"

"तुला कोणी त्रास देणार नाही असं वाटलं. म्हातारी बाई, पेन्शनवर." ती टेबलाकडे पाहून बोलत होती. "मलाही वाटलं नव्हतं इतकं होईल. तो पहिला फोटो आल्यावर हीथ म्हणाला, आता तुझ्या नावावर नवीन कंपनी काढू. मी काढली. मी आणखी काय करणार होते? घर गहाण आहे आमचं."

"म्हणजे ते फोटो आल्यावर तुला माहीत होतं."

टॅम्सिन उठली. दाराशी जाऊन म्हणाली, "तुला एका परक्या माणसाचं खरं वाटलं. ओळख ना पाळख." आणि निघून गेली. मर्लला तिच्यामागे जायचं होतं. पण ती ओट्याशी उभी राहून हे ठरवत होती की शेवटचं वाक्य बोलताना मुलीचा आवाज कापला तो दुःखाने की आपल्यावर परिणाम व्हावा म्हणून, आणि ते ठरेपर्यंत गाडी गेली होती.

दाव्याचे कागद आले ते एका सकाळी. दारात एक तरुण बाई होती, धावण्याचे बूट घातलेली. "टॅमहीथ बेंचटॉप्सचं नोंदणीकृत कार्यालय हेच का?" तिच्या नजरेत मर्लच्या मागची छत्री, चपला आणि भिंतीवरचं पोहण्याच्या वर्गाचं छायाचित्र येऊन गेलं.

"हेच."

"कंपनीतर्फे घ्यायला कोणी आहे?"

"मीच आहे. आणा."

डेनच्या वकिलीणबाईंनी तिला जबाब द्यायला शहरात बोलावलं होतं. त्या दिवशी सकाळी ती बसच्या वेळा बघत असताना बाहेर हॉर्न वाजला. टॅम्सिनची गाडी. काच खाली होती. "चल," ती म्हणाली. "मी सोडते."

"तुला कसं कळलं?"

"डेनच्या बायकोने सांगितलं. मी तिच्याकडे गेले होते." टॅम्सिनने समोर पाहत सांगितलं. "आमचा ओटा त्यानेच बसवला होता, आई. त्याची मुलगी तेव्हा आमच्या अंगणात खेळत होती. मी तिला लिंबाचं सरबत दिलं होतं."

मर्ल बसली. पट्टा लावला. सरबताची गोष्ट खरी असेलही. आणि खरी असून आज कामाला लावली जात असेल तेही शक्य आहे. पुढच्या चौकातल्या गोलावर डावीकडे वळलं की शहराचा मोठा रस्ता, सरळ गेलं की लॉन्सडेल. तिने पर्स मांडीवर घट्ट धरली. गोल आला. टॅम्सिन थांबली, उजवीकडून येणारी दुधाची गाडी तिने जाऊ दिली. मग डावीकडे वळली. मर्लने श्वास सोडला, आणि तो टॅम्सिनला ऐकू गेला असणार, कारण तिची बोटं चाकावर जरा पांढरी झाली. शहरापर्यंत दोघी हवेबद्दल बोलल्या.

वकिलीणबाईंच्या इमारतीपाशी टॅम्सिनने गाडी उभी केली पण इंजिन बंद केलं नाही. "तू हो पुढे. मी कुठे गाडी लावता येते बघते."

मर्ल वर गेली. खोलीत वकिलीणबाई, टिपणं घेणारा एक माणूस आणि एका ओळीत तीन रिकाम्या खुर्च्या होत्या. ती शेवटच्या खुर्चीवर बसली, जिथून दार दिसत होतं. तिने शपथ घेतली, पूर्ण नाव सांगितलं, मधलंही. मग प्रश्न. कंपनीच्या शेडमध्ये कधी गेला होतात? एकदाच, आणि तेही फाटकापर्यंत. सह्या कोणासमोर केल्या? जावयासमोर. आणखी कोण होतं? इथे ती थांबली. वकिलीणबाईंनी प्रश्न पुन्हा विचारला नाही, फक्त पेन खाली ठेवलं. जिन्यात कोणाच्या तरी बुटांचा आवाज झाला आणि वरच्या मजल्यावर निघून गेला. खाली रस्त्यावर गाड्या जात होत्या. त्यातली एक दक्षिणेकडे परत निघाली असेल. मर्लने तोंड उघडलं, "माझी मुलगी" एवढं म्हणाली, आणि दार उघडलं.

टॅम्सिनच्या हातात पार्किंगची पावती होती. तिने वकिलीणबाईंकडे पाहून मान हलवली. "मी दुसऱ्या कंपनीची डायरेक्टर," ती म्हणाली. "माझंही लिहून घ्या." मग तिने तीन खुर्च्यांकडे आणि त्यातल्या शेवटच्या खुर्चीवर बसलेल्या आपल्या आईकडे पाहिलं, आणि मधली खुर्ची रिकामी ठेवून ती पहिल्या खुर्चीवर बसली.